फ्लॉरेन्स नाइटिंगेल : दिवा सगळ्यांना माहीत, वहीचं काय?

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या आपल्या घरांमध्ये बारावीनंतर मुलीने काय करावं अशी चर्चा निघते, तेव्हा नर्सिंगचं नाव हमखास येतं. त्याबरोबर दोन आक्षेपही येतात. एक, हे काम चांगल्या घरच्या मुलींचं नाही. दुसरा, यात शिकायचं काय, नुसती सेवाच तर करायची. आम्हाला वाटतं, या दोन्ही आक्षेपांचं उत्तर फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या आयुष्यात सापडतं.

रुग्णसेवा आपल्याला परकी नाही. मदीनेत जखमींसाठी तंबू उभारणाऱ्या हजरत रुफैदा (रजि.) यांचं नाव आपण आदराने घेतो. नाइटिंगेल यांनी त्याच खिदमतीला हिशोबाची आणि अभ्यासाची जोड दिली.

त्यांचा जन्म 12 मे 1820 रोजी इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात एका श्रीमंत इंग्रज कुटुंबात झाला. वडिलांनी घरीच शिकवलं. गणिताची गोडी लागली. नर्स व्हायचं म्हटल्यावर मात्र घरात मोठा विरोध झाला. त्या काळी इंग्लंडमध्येही हे काम हलकं समजलं जाई. त्या मागे हटल्या नाहीत. 1851 मध्ये जर्मनीतल्या कैझर्सवर्थ इथे त्यांनी प्रशिक्षण घेतलं आणि 1853 मध्ये लंडनच्या एका छोट्या रुग्णालयाचा कारभार हाती घेतला.

त्याच सुमारास क्रिमियाचं युद्ध पेटलं. एका बाजूला रशिया, दुसऱ्या बाजूला उस्मानी तुर्कस्तान, ब्रिटन आणि फ्रान्स. आजारी, जखमी इंग्रज सैनिकांना जहाजाने इस्तंबूलच्या उस्कुदार भागात आणत. तिथली सेलिमिये बराक उस्मानी सरकारने इस्पितळासाठी दिली होती. नोव्हेंबर 1854 मध्ये नाइटिंगेल 38 नर्सेसना घेऊन तिथे पोहोचल्या. रात्री दिवा घेऊन वॉर्डात फिरणाऱ्या बाई म्हणून त्यांची ओळख झाली ती इथेच.

पण दिव्याने माणसं वाचली नाहीत, हे कटू सत्य आहे. त्या आल्यानंतरच्या हिवाळ्यात मृत्यू वाढतच गेले. फेब्रुवारी 1855 मध्ये दर 100 रुग्णांमागे सुमारे 42 जण दगावत होते. बराकीखालची गटारं तुंबली होती, हवा कोंदट होती, खाटांना खाटा लागलेल्या होत्या. मार्चमध्ये लंडनहून आलेल्या आरोग्य आयोगाने गटारं साफ केली, हवा खेळती केली. जूनपर्यंत हेच प्रमाण 2 च्या आसपास आलं.

तेव्हा बाईंचा समज असा होता की सैनिक उपाशी, थकलेले आणि उशिरा येतात म्हणून मरतात. लढाई संपल्यावर त्यांनी संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्यासोबत सगळ्या नोंदी तपासल्या. तेव्हा दिसलं की गोळीच्या जखमांपेक्षा कितीतरी जास्त माणसं रोगांनी गेली आणि त्यात इस्पितळाच्या घाणीचा मोठा हात होता. आकडे आपल्या मताच्या विरुद्ध गेले. त्यांनी आकडे दाबले नाहीत, मत बदललं. संशोधन म्हणतात ते यालाच.

मग त्यांनी रंगीत वर्तुळाकृती आलेख काढले, मंत्र्यांना एका नजरेत कळावं म्हणून. 1858 मध्ये लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या त्या पहिल्या महिला सदस्य झाल्या. सगळ्या रुग्णालयांनी एकाच नमुन्यात नोंदी ठेवाव्यात, असा त्यांचा आग्रह होता. कारण साधं आहे. एका दवाखान्यात 5 दगावले आणि दुसऱ्यातही 5, तर दोन्ही सारखे वाटतात. पण एकात 100 रुग्ण होते आणि दुसऱ्यात 20, हे कळलं की चित्र पालटतं. 1860 मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाची नर्सिंग शाळा सुरू झाली आणि नर्सिंग हा रीतसर शिकायचा पेशा बनला.

हिंदुस्थानात त्या कधीच आल्या नाहीत. आजारपणामुळे बहुतेक काळ घरातच असत. तरी इथल्या लष्करी छावण्यांना प्रश्नावली पाठवून त्यांनी माहिती गोळा केली. 1863 च्या अहवालातून कळलं की इथे दर हजारी 69 इंग्रज सैनिक दरवर्षी मरतात. दहा वर्षांनी हा आकडा 18 वर आल्याचं त्यांनी मांडलं. पुढे त्यांचं लक्ष इथल्या रयतेकडे वळलं. गावच्या स्वच्छतेबद्दल पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता. 1889 च्या मुंबई ग्रामस्वच्छता कायद्यावरही त्यांची नजर होती. आपला ठाणे जिल्हा तेव्हा याच मुंबई इलाख्यात होता.

13 ऑगस्ट 1910 रोजी त्यांचं निधन झालं. त्यांचा जन्मदिवस आज जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जातो.

आता आपल्याकडे बघू. मुंबईची तहान भागवणारी भातसा, तानसा ही धरणं शहापूर तालुक्यात, तरी उन्हाळ्यात कित्येक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. कुठल्या पाड्यात जुलाबाचे रुग्ण जास्त, तिथे पाणी कुठून येतं, हे उपकेंद्राच्या रजिस्टरमधून काढणं म्हणजेच नर्सिंगमधलं संशोधन. विंचू किंवा साप चावलेला रुग्ण मुरबाडच्या दवाखान्यात किती वेळाने पोहोचला, हे केसपेपरवर नीट लिहिलं गेलं, तर गाडी कुठे हवी हे पुराव्यानिशी मागता येतं. रुग्णाची परवानगी घ्यायची, त्याचं नाव बाहेर जाऊ द्यायचं नाही, आणि न मोजलेला ताप चार्टवर भरायचा नाही. अंदाजाने भरलेला एक आकडा उद्या कोणाच्या तरी जिवावर बेतू शकतो.

म्हणून पालकांना आमचं सांगणं आहे, मुलीला नर्सिंगला घालायचं असेल तर कमीपणा मानू नका. आणि नर्सिंग शिकणाऱ्या आपल्या मुलींनो, रजिस्टर भरणं ही कटकट समजू नका. रुग्णाच्या उशाशी बसणं सवाबाचं काम आहेच. खरी नोंद ठेवणं हाही त्याच खिदमतीचा भाग आहे.