ठिणगीमागचे हात

मोटारगाडीचा इतिहास सांगताना डाइम्लर आणि बेंझ यांची नावे आदराने घेतली जातात. रॉबर्ट बॉश यांचे नाव मात्र सुट्या भागांच्या खोक्यावरच राहते. वास्तविक इंजिनातील वायूचे मिश्रण नेमक्या क्षणी पेटविणे हा आरंभीच्या मोटारींपुढील अत्यंत बिकट प्रश्न होता. तापलेल्या नळीने पेटवावे तर आगीचे भय. बॅटरीने ठिणगी पाडावी तर ती वाटेतच उतरावयाची.

जर्मनीतील उल्मजवळच्या आल्बेक गावी १८६१ साली बॉश जन्मले. वडील शेतकरी, शिवाय खानावळीचे मालक. बारा भावंडांत हे अकरावे. अमेरिकेत एडिसनच्या कारखान्यात व इंग्लंडमध्ये काम करून त्यांनी १८८६ साली स्टुटगार्टला लहानशी कार्यशाळा काढली. पुढच्याच वर्षी एका गिऱ्हाइकाने मॅग्नेटो मागितला. चुंबकाच्या साह्याने स्वतःच वीज निर्माण करणारे हे यंत्र बॉश यांच्या कल्पनेतले नव्हे. डॉइट्झच्या कारखान्यात ते वापरात होते. बॉश यांनी ते पाहिले, त्यावर एकस्व नाही याची खात्री करून घेतली आणि अधिक चांगले बनविले. याला कोणी नक्कल म्हणेल. मला ती कारागिरी वाटते.

तथापि हा मॅग्नेटो एका जागी बसविलेल्या संथ इंजिनांसाठी होता. १८९७ साली फ्रेडरिक सिम्स या इंग्रज व्यावसायिकाने द दियों-बुतों कंपनीच्या तीनचाकी गाडीला तो बसविण्याची मागणी केली. ते इंजिन मिनिटाला १८०० फेऱ्यांपर्यंत जाई. तारेच्या गुंडाळीचे जड आर्मेचर चुंबकात इतक्या वेगाने मागेपुढे हलविणे अशक्यप्राय होते. येथे आर्नोल्ड झेरिंगर या सहकाऱ्याने साधा उलटा विचार केला: आर्मेचर स्थिर ठेवावे आणि त्याच्याभोवतीची हलकी धातूची कवची तेवढी हलवावी. प्रश्न सुटला.

तरीही सिलिंडरच्या आत विद्युत्प्रवाह तोडणारी दांड्यांची यंत्रणा उरलीच होती. ती गॉटलोब होनोल्ड यांनी काढून टाकली. हे गृहस्थ बॉश यांच्याकडेच उमेदवारी करून गेलेले; उच्च शिक्षण घेऊन परतलेले. एकाच आर्मेचरवर दोन गुंडाळ्या घेऊन त्यांनी उच्च दाबाची वीज निर्माण केली. १९०२ साली असा मॅग्नेटो स्पार्क प्लगसह बाजारात आला आणि छोट्या कार्यशाळेचा जगभर व्यापार सुरू झाला. दोन्ही निर्णायक सुधारणा मालकाच्या नव्हेत, ही गोष्ट अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने दृष्टीआड करू नये.

१९०६ साली बॉश यांनी आठ तासांचा दिवस लागू केला. त्यात माणुसकी होती, तसा हिशेबही होता: दोन पाळ्या झाल्या की महागडी यंत्रे अधिक वेळ चालतात. पण म्हणून मालक-कामगार संबंधांत रामराज्य अवतरले असे नाही. १९१३ साली याच कारखान्यात कडवा संप झाला. पहिल्या महायुद्धातील नफा त्यांना बोचला, आणि त्यातील मोठी रक्कम त्यांनी नेकर नदी नौकानयनास योग्य करण्यासाठी दिली.

हिटलरच्या राजवटीत हा विरोधाभास असह्य झाला. बॉश आणि त्यांचे निकटचे सहकारी राजवटीच्या विरोधकांना व छळ झालेल्या ज्यूंना मदत करीत होते. त्याच वेळी त्यांचे कारखाने युद्धसामग्री बनवीत होते, आणि तेथे वेठीचे मजूरही राबत होते. १९४२ साली ते वारले, तेव्हा त्याच राजवटीने त्यांची अंत्ययात्रा सरकारी इतमामाने काढली.

नाशिककरांना परिचित असलेला ‘मायको’चा कारखाना याच उद्योगाच्या भारतीय शाखेने उभारला. मूळ कंपनीचे बहुतेक भागभांडवल १९६४ साली एका धर्मादाय संस्थेकडे गेले. लाभांशाचा मोठा वाटा तिच्यामार्फत रुग्णालय, संशोधन आणि शिक्षण यांवर खर्च होतो.