कासवे शिकवणारा चित्रकार : उस्मान हम्दी बे

कायदा शिकायला परदेशी पाठवलेला मुलगा चित्रकार होऊन परतला, तर घरात काय होईल ते सांगायला नको! उस्मान हम्दी हे असेच एक चिरंजीव. जन्म इस्तंबूलचा, १८४२चा. वडील इब्राहिम एदहेम पाशा पुढे तुर्कस्तानचे मुख्य वजीर झाले. त्यांनी १८६० साली मुलाला पॅरिसला धाडले.

त्या काळी पॅरिसच्या चित्रप्रदर्शनांत पूर्वेकडचे देश फार खपत. जनानखाने, गुलामांचे बाजार, भिंतीला टेकून बसलेले आळशी लोक. जेरोम हे त्यातले बडे प्रस्थ. त्यांच्या पुढे गाजलेल्या ‘गारुडी’ चित्रात तोपकापी राजवाड्यातल्या निळ्या फरशा आहेत आणि त्यांच्यापुढे अंगाभोवती साप घेतलेला उघडा पोरगा. फरशी न् फरशी हुबेहूब, प्रसंग मात्र मनाने रचलेला.

हम्दींनी हीच चित्रशैली बूलांजे या चित्रकाराकडे गिरवली. तेच बारीक कुंचलाकाम, तेच झगे, त्याच फरशा. पण त्यांच्या चित्रांतली माणसे ग्रंथ वाचतात, मशिदीच्या दारात उभी राहून वाद घालतात, ताठ मानेने बघतात. पुष्कळदा तो माणूस म्हणजे स्वतः हम्दीच! जुना झगा चढवायचा, छायाचित्र काढून घ्यायचे आणि त्यावरून रंगवायचे. एरवी स्वारी कोट आणि फेज टोपीत. म्हणजे हाही वेषांतराचाच खेळ, हे मान्य करायला हवे. पण इथे सोंग कुणाचे आणायचे हे ज्याचे त्याने ठरवले होते.

१८८१ मध्ये ते सरकारी वस्तुसंग्रहालयाचे प्रमुख झाले. तोवर परदेशी उत्खनक सापडलेल्या मूर्तींतला वाटा कायदेशीरपणे घरी नेत. १८८४च्या नव्या कायद्याने हम्दींनी ती वाट बंद केली. १८८७ साली सिडोनला जमिनीखाली राजघराण्याच्या दगडी शवपेट्या सापडल्या, तेव्हा ते स्वतः तिथे जाऊन उभे राहिले आणि पेट्या जहाजातून इस्तंबूलला आणल्या. त्यांत सिकंदराच्या लढाया कोरलेली प्रसिद्ध पेटीही होती. त्या ठेवायला नवी इमारत बांधावी लागली. ती १८९१ मध्ये उघडली. मध्यंतरी कलाशाळाही त्यांनीच सुरू केली होती.

सगळ्यांत लाडके चित्र १९०६चे. लाल झग्यातला वाकलेला म्हातारा, पाठीमागे धरलेली बासरी, पायाशी पाला खाणारी पाच कासवे. गंमत म्हणजे ही कल्पना एका फ्रेंच मासिकातल्या जपानी कासववाल्याच्या चित्रावरून सुचली असावी, असे अभ्यासक दाखवतात. कासवे म्हणजे सुस्त सरकारी कारभार, असेही पुष्कळ जण मानतात. एवढी वर्षे सरकारी कचेरीत काढलेल्या माणसाच्या मनात ते आले नसेल तरच नवल!

१९१० साली हम्दी बे गेले. २००४च्या लिलावात या चित्राला सुमारे ३५ लाख डॉलर मिळाले. ते इस्तंबूलमध्येच राहिले. आज पेरा संग्रहालयात आहे.