झाड राखून नगर आखणारे गेडिस

नगररचना म्हणजे नकाशावर पट्टीने ओढलेल्या सरळ रेषा, असा समज रूढ असताना वस्तीतील झाडे, तळी आणि मोकळ्या जागा यांपासून आखणीस आरंभ करण्याचा आग्रह सर पॅट्रिक गेडिस यांनी धरला. स्कॉटलंडमधील बॅलटर येथे २ ऑक्टोबर १८५४ रोजी जन्मलेले गेडिस मूळचे जीवशास्त्राचे अभ्यासक. मेक्सिकोत संशोधन करताना त्यांची दृष्टी काही काळ गेली. सूक्ष्मदर्शकाखालील काम दुरावले आणि लक्ष समाजजीवनाकडे वळले. विवाहानंतर पत्नी ॲना यांच्यासह ते एडिंबरोच्या दाटीवाटीच्या जुन्या वस्तीत राहावयास गेले. तेथील पडीक जागांवर त्यांनी बागा फुलविल्या.

१९१४ मध्ये ते भारताकडे निघाले, तेव्हा त्यांच्या प्रदर्शनाचे साहित्य आणणारे जहाज ‘एमडेन’ या जर्मन युद्धनौकेने बुडविले. खचून न जाता त्यांनी नवे साहित्य जमविले आणि मद्रासला प्रदर्शन भरविले. पुढे अनेक नगरांचे अहवाल त्यांनी लिहिले. रुंद रस्त्यांसाठी सरसकट पाडापाडी त्यांना अमान्य होती. आधी पायी फिरून पाहणी, मग मोजकीच मोडकळीस आलेली घरे हटवून तेथे छोटा चौक आणि सावलीची झाडे, हा त्यांचा क्रम होता. डासांच्या भयाने तळी बुजविण्याऐवजी ती स्वच्छ राखावीत, असे त्यांचे मत होते.

१९१७ मध्ये त्यांचा मुलगा अलास्डेअर महायुद्धात मारला गेला. पाठोपाठ ॲना यांचे भारतातच निधन झाले. तरीही १९१८ मध्ये इंदूरचा दोन खंडांतील अहवाल त्यांनी पूर्ण केला. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठातील समाजशास्त्र विभागाची धुरा त्यांच्याकडे आली. १९२५ च्या तेल अवीव आराखड्यात त्यांनी घरांच्या समूहांमध्ये लहान सार्वजनिक बागा योजिल्या. १७ एप्रिल १९३२ रोजी फ्रान्समधील माँपेलिए येथे त्यांचे निधन झाले.

महाराष्ट्रात नागरी भागांतील वृक्षांच्या रक्षणासाठी १९७५ मध्ये कायदा झाला. मात्र रस्त्याची रेषा ठरल्यानंतर झाडांचा प्रश्न पुढे आला, की तोडीची परवानगी एवढाच विषय उरतो. गेडिस यांच्या क्रमात झाडांची नोंद आधी होती, रेषा नंतर. सार्वजनिक जमिनीचा विनियोग ठरविताना हा क्रम पाळला, तर झाड आणि रस्ता यांतून एकाची निवड करण्याची वेळच पुष्कळदा येणार नाही.