हर्मन हॉलरिथ

हर्मन हॉलरिथ (२९ फेब्रुवारी, इ.स. १८६० – १७ नोव्हेंबर, इ.स. १९२९) हे एक अमेरिकन अभियंते, संशोधक आणि उद्योजक होते. छिद्रपत्रांवर म्हणजेच पंच कार्डांवर माहिती नोंदवून ती विजेच्या साहाय्याने मोजणारे सारणीयंत्र त्यांनी तयार केले. इ.स. १८९० च्या अमेरिकन जनगणनेत या यंत्राचा मोठ्या प्रमाणावर वापर झाला. पुढे रेल्वे, कारखाने, विमा कंपन्या आणि मोठी दुकाने यांच्या हिशेबकामात ही पद्धत रूढ झाली. त्यांनी स्थापन केलेली कंपनी ही आयबीएम या उद्योगसमूहाच्या मूळ घटकांपैकी एक होय.

सुरुवातीचे जीवन आणि शिक्षण

हॉलरिथ यांचा जन्म न्यूयॉर्क राज्यातील बफेलो या शहरात झाला. त्यांचे आईवडील जर्मनीतून स्थलांतरित झालेले होते. हर्मन लहान असतानाच वडिलांचे निधन झाले आणि कुटुंबाचा भार आईवर पडला. शाळेत शब्दलेखन हा विषय त्यांना अतिशय जड जात असे आणि तो तास चुकवण्यासाठी त्यांनी एकदा वर्गाच्या खिडकीतून उडी मारली, अशी आख्यायिका सांगितली जाते. त्यानंतर त्यांचे शिक्षण काही काळ खाजगी शिकवणीने झाले.

न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजमधील शिक्षणानंतर त्यांनी कोलंबिया विद्यापीठाच्या खाणशास्त्र विद्यालयात प्रवेश घेतला आणि इ.स. १८७९ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, खाण अभियंता ही पदवी मिळवली. तेथील प्राध्यापक विल्यम ट्रोब्रिज यांच्याकडे इ.स. १८८० च्या जनगणनेतील काही काम सोपवलेले होते. त्यांनी आपल्या या विद्यार्थ्याला साहाय्यक म्हणून वॉशिंग्टनला नेले. लोखंड व पोलाद उद्योगात वापरल्या जाणाऱ्या वाफेच्या आणि पाण्याच्या शक्तीची आकडेवारी गोळा करणे हे हॉलरिथ यांचे तेथील काम होते.

जनगणनेचा प्रश्न

अमेरिकेच्या राज्यघटनेनुसार दर दहा वर्षांनी लोकसंख्येची मोजणी करणे बंधनकारक आहे, कारण प्रतिनिधिगृहातील जागांची राज्यनिहाय वाटणी तिच्यावर ठरते. इ.स. १८८० मध्ये देशाची लोकसंख्या ५ कोटींच्या वर गेली होती. प्रगणकांनी भरून आणलेले तक्ते कारकून हाताने वाचत आणि प्रत्येक नोंदीसाठी मोठ्या कागदावर एक रेघ ओढत. नुसती एकूण संख्या काढणे फारसे अवघड नव्हते. एखाद्या राज्यात परदेशात जन्मलेले, विवाहित आणि विशिष्ट व्यवसाय करणारे पुरुष किती, असा प्रश्न आला की मात्र तेच तक्ते पुन्हा पहिल्यापासून चाळावे लागत. या जनगणनेचे काम पूर्ण व्हायला सुमारे आठ वर्षे लागली. लोकसंख्या याच गतीने वाढत राहिली तर एका जनगणनेचे काम पुढची जनगणना सुरू होईपर्यंत संपणार नाही, हे अधिकाऱ्यांना दिसू लागले होते.

जनगणनेतील जन्ममृत्यूंच्या आकडेवारीचे प्रमुख डॉ. जॉन शॉ बिलिंग्ज यांनी हॉलरिथ यांच्याशी बोलताना हे काम यंत्राने व्हायला हवे असे सुचवले. कार्डाच्या कडेला खाचा पाडून व्यक्तीचे वर्णन नोंदवावे, अशीही कल्पना त्यांनी मांडली. मूळ कल्पनेचे श्रेय नेमके कोणाचे, यावर पुढे पुष्कळ लिहिले गेले. बिलिंग्ज यांनी दिशा दाखवली हे स्वतः हॉलरिथ यांनी मान्य केले आहे. त्यांनी बिलिंग्ज यांना या उपक्रमात सहभागी होण्याची विनंतीही केली होती, पण प्रश्न सुटावा यापलीकडे बिलिंग्ज यांना त्यात रस नव्हता.

इ.स. १८८२ मध्ये हॉलरिथ मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये यंत्र अभियांत्रिकीचे अध्यापक झाले. शिकवणे त्यांना मानवले नाही. वर्षभरातच ते वॉशिंग्टनच्या पेटंट कार्यालयात नोकरीला लागले आणि तीही त्यांनी लवकरच सोडली. शोध लावणाऱ्याला पेटंटच्या कायद्याची जी जाण असावी लागते ती मात्र या अल्प नोकरीत त्यांना मिळाली, आणि तिचा उपयोग त्यांनी आयुष्यभर केला.

यंत्राची घडण

पहिल्या आराखड्यात हॉलरिथ यांनी कागदाची लांब पट्टी वापरली होती. त्यासाठीचा पेटंट अर्ज त्यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये दाखल केला. पट्टीची अडचण लवकरच लक्षात आली. एकच नोंद हवी असली तरी सगळी पट्टी उलगडावी लागे आणि नोंदींचा क्रम बदलता येत नसे. म्हणून त्यांनी प्रत्येक व्यक्तीसाठी एक स्वतंत्र कार्ड ही पद्धत स्वीकारली. वरवर साधा दिसणारा हा बदल या शोधातील सर्वांत महत्त्वाचा टप्पा मानावा लागेल, कारण कार्डे वेगळी करता येतात, पुन्हा एकत्र करता येतात आणि हव्या त्या क्रमाने लावता येतात.

पश्चिमेकडील एका रेल्वेप्रवासात त्यांनी पाहिले की, तिकीट दुसऱ्याने वापरू नये म्हणून कंडक्टर तिकिटाच्या कडेला छिद्रे पाडून प्रवाशाच्या केसांचा रंग, डोळे, नाक यांचे वर्णन नोंदवत असे. आपण प्रत्येक माणसाचे असेच छिद्रांचे चित्र काढले, असे त्यांनी पुढे सांगितले. छिद्र पाडलेली कार्डे त्याआधी जाकार्डच्या मागावर कापडातील नक्षी विणण्यासाठी वापरली जात होती. दोन्हींत एक मूलभूत फरक आहे. मागावरील कार्ड यंत्राला काय करायचे ते सांगत असे, तर हॉलरिथ यांच्या कार्डात एका माणसाविषयीची वस्तुस्थिती साठवलेली असे.

यंत्राचे कार्य पुढीलप्रमाणे चाले. प्रथम एका तरफेच्या उपकरणाने कार्डावर ठरलेल्या जागी छिद्रे पाडली जात. ते कार्ड सारणीयंत्राच्या दाबपट्टीखाली ठेवून दांडा खाली ओढला की स्प्रिंग लावलेल्या अनेक सुया कार्डावर टेकत. जेथे छिद्र असेल तेथे सुई आरपार जाऊन खालच्या वाटीतील पाऱ्यात बुडे आणि विद्युतमंडल पूर्ण होई. त्याबरोबर संबंधित तबकडीवरील काटा एका घराने पुढे सरके. अशा ४० तबकड्या यंत्रावर बसवलेल्या होत्या. नोंद झाल्याची खूण म्हणून घंटा वाजे आणि शेजारच्या वर्गीकरण पेटीतील योग्य कप्प्याचे झाकण आपोआप उघडे. कारकुनाने कार्ड त्या कप्प्यात टाकायचे आणि पुढचे उचलायचे. घंटा वाजली नाही तर कार्डात चूक आहे किंवा ते नीट बसलेले नाही, असे समजले जाई. विद्युतजोडण्यांमध्ये रिले वापरून दोन किंवा अधिक गुणधर्म एकत्र असलेल्या व्यक्तीही मोजता येत.

बाल्टिमोर शहराच्या मृत्युनोंदींवर या पद्धतीची पहिली चाचणी झाली. त्यानंतर न्यू जर्सी राज्य आणि न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य विभागानेही ती वापरली. सुरुवातीला हॉलरिथ स्वतः कंडक्टरच्या हातातील चिमट्याने छिद्रे पाडत. हजारो कार्डांनंतर हात दुखून येई, आणि यातूनच तरफेचे उपकरण तयार झाले. ८ जानेवारी, इ.स. १८८९ रोजी त्यांना या पद्धतीची तीन पेटंटे मिळाली.

इ.स. १८९० ची जनगणना

नव्या जनगणनेसाठी पद्धत निवडण्याकरिता जनगणना कार्यालयाने स्पर्धा घेतली. सेंट लुईस शहरातील काही भागांचे १८८० चे तक्ते तीन स्पर्धकांना देण्यात आले. माहिती कार्डांवर उतरवण्यास हॉलरिथ यांच्या पद्धतीला ७२.५ तास लागले, तर इतर दोघांना १००.५ आणि १४४.५ तास. सारणी करण्यातील फरक याहून मोठा होता. इतरांना ४४.५ आणि ५५.५ तास लागले, हॉलरिथ यांना फक्त ५.५ तास. अर्थातच कंत्राट त्यांना मिळाले. यंत्रे विकण्याऐवजी ती भाड्याने देण्याची पद्धत त्यांनी येथूनच सुरू केली.

सुमारे शंभर यंत्रे बसवण्यात आली आणि छिद्रे पाडण्याच्या व मोजण्याच्या कामावर मोठ्या संख्येने स्त्रियांची नेमणूक झाली. त्या काळात सरकारी कचेरीत यंत्रावर काम करणाऱ्या स्त्रिया ही नवी गोष्ट होती. यंत्राच्या गतीने दिवसभर काम करणे सोपे नव्हते. विश्रांती मिळावी म्हणून काही कारकून वाटीतील पारा गुपचूप काढून टाकत आणि दुरुस्ती होईपर्यंत बसून राहत, असे सांगितले जाते.

एकूण लोकसंख्येचा प्राथमिक आकडा, ६,२६,२२,२५०, काही आठवड्यांतच जाहीर झाला. लोकसंख्या याहून बरीच अधिक असेल अशी अनेकांची अपेक्षा असल्याने काही वर्तमानपत्रांनी यंत्रालाच दोष दिला. या यंत्रांमुळे जनगणनेचा खर्च घटला असे अनेकदा लिहिले जाते, पण ते पूर्णतः खरे नाही. इ.स. १८९० च्या जनगणनेचा एकूण खर्च सुमारे १ कोटी १५ लाख डॉलर, म्हणजे मागील जनगणनेच्या जवळपास दुप्पट होता. मोजणी स्वस्त व जलद झाल्यामुळे कार्यालयाने पूर्वी अशक्य असलेल्या कितीतरी अधिक सारण्या तयार करून घेतल्या. यंत्र आल्यावर काम कमी होण्याऐवजी कामाची अपेक्षा वाढणे हा अनुभव पुढे कार्यालयीन स्वयंचलनात वारंवार आला.

याच वर्षी कोलंबिया विद्यापीठाने या कार्यासाठी हॉलरिथ यांना डॉक्टरेट दिली आणि फ्रँकलिन इन्स्टिट्यूटने इलियट क्रेसन पदकाने त्यांचा गौरव केला. ऑस्ट्रिया, कॅनडा आणि नॉर्वे या देशांनीही आपल्या जनगणनेत ही यंत्रे वापरली.

व्यापारी क्षेत्रात प्रवेश

जनगणना दहा वर्षांतून एकदाच होते. ती संपली की भाड्याने दिलेली यंत्रे परत येत आणि उत्पन्न थांबत असे. त्यामुळे कायमस्वरूपी ग्राहक शोधणे हॉलरिथ यांना भाग पडले. त्या काळी सर्वांत जास्त कागदपत्रे रेल्वे कंपन्यांकडे असत. न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेला दरवर्षी लक्षावधी बिल्ट्यांचा हिशेब ठेवावा लागे. मात्र येथे जनगणनेचे यंत्र अपुरे पडले, कारण ते फक्त एकेकाची मोजणी करत असे, तर रेल्वेला वजन आणि भाड्याच्या रकमा यांची बेरीज हवी होती. पहिली यंत्रे परत पाठवण्यात आली. हॉलरिथ यांनी बेरीज करणारी यंत्रणा नव्याने रचली आणि इ.स. १८९६ मध्ये रेल्वेने ती स्वीकारली.

त्याच वर्षी रशियन साम्राज्याच्या पहिल्या सर्वसाधारण जनगणनेचे कामही त्यांच्याकडे आले. ३ डिसेंबर, इ.स. १८९६ रोजी त्यांनी टॅब्युलेटिंग मशीन कंपनी स्थापन केली. पुढील दशकात कार्डे आपोआप सरकवणारी यंत्रणा आणि स्वयंचलित वर्गीकरण यंत्र तयार झाले. इ.स. १९०६ च्या सारणीयंत्रात तारांच्या जोडण्या बदलण्यासाठी एक फलक बसवण्यात आला. त्यामुळे एका कामावरून दुसऱ्या कामाकडे वळताना यंत्र पुन्हा बांधावे लागत नसे.

पेन्सिल्व्हेनिया स्टील ही पोलाद कंपनी आणि शिकागोतील मार्शल फील्ड हे मोठे दुकान त्यांच्या ग्राहकांत होते. कोणत्या कामावर किती मजुरी व किती माल खर्च झाला, कोणता माल कोठे खपला, हे वर्षअखेरीऐवजी दर आठवड्याला किंवा महिन्याला कळू लागले. यंत्राचे भाडे मिळे आणि ग्राहकाने कार्डेही कंपनीकडूनच विकत घ्यावीत अशी अट असे. या कार्डविक्रीतून मिळणारे उत्पन्न मोठे होते. पुढे आयबीएमनेही ही अट चालू ठेवली. इ.स. १९३६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती बेकायदेशीर ठरवली.

जनगणना कार्यालयाशी वाद

इ.स. १९०२ मध्ये जनगणना कार्यालय कायमस्वरूपी झाले. त्याचे संचालक सायमन नॉर्थ यांना हॉलरिथ यांचे दर अवाजवी वाटत होते. सरकारी कामातूनच वाढलेल्या शोधासाठी सरकारने एका खाजगी व्यक्तीवर अवलंबून राहावे, हेही त्यांना मान्य नव्हते. हॉलरिथ तडजोडीला तयार नव्हते आणि इ.स. १९०५ मध्ये त्यांनी आपली यंत्रे काढून घेतली. काँग्रेसने नवी यंत्रे बनवण्यासाठी ४०,००० डॉलर मंजूर केले. त्यांच्या मूळ पेटंटांची मुदत इ.स. १९०६ मध्ये संपली. कार्यालयाने नेमलेले अभियंते जेम्स पॉवर्स यांनी तयार केलेली यंत्रे १९१० च्या जनगणनेत वापरली गेली. हॉलरिथ न्यायालयात गेले, पण त्यांना यश आले नाही. पॉवर्स यांनी स्वतःची कंपनी काढली आणि ती हॉलरिथ यांच्या पद्धतीची मुख्य प्रतिस्पर्धी बनली. हॉलरिथ यांचा स्वभाव हेकेखोर होता, हे बहुतेक चरित्रकारांनी नोंदवले आहे. नॉर्थ यांची बाजूही अगदी चुकीची म्हणता येत नाही.

कंपनीचे विलीनीकरण

इ.स. १९११ मध्ये वित्तपुरवठादार चार्ल्स फ्लिंट यांनी हॉलरिथ यांची कंपनी, वेळनोंदणीची घड्याळे बनवणारी कंपनी आणि किंमत दाखवणारे तराजू बनवणारी कंपनी एकत्र करून कंप्युटिंग-टॅब्युलेटिंग-रेकॉर्डिंग कंपनी स्थापन केली. या व्यवहारात हॉलरिथ यांना सुमारे १२ लाख डॉलर मिळाले. प्रकृती बिघडल्याने डॉक्टरांनी त्यांना काम कमी करण्याचा सल्ला दिला होता. सल्लागार अभियंता म्हणून ते इ.स. १९२१ पर्यंत कंपनीशी संबंधित राहिले, परंतु इ.स. १९१४ मध्ये आलेल्या थॉमस वॉटसन यांच्या कारभारात त्यांचा प्रभाव कमी होत गेला. इ.स. १९२४ मध्ये कंपनीचे नाव इंटरनॅशनल बिझनेस मशीन्स असे झाले.

वैयक्तिक जीवन आणि मृत्यू

हॉलरिथ यांचा विवाह सप्टेंबर १८९० मध्ये लुसिया टॅल्कॉट यांच्याशी झाला. त्यांना सहा अपत्ये होती. उत्तम जेवण, सिगार आणि मांजरे यांची त्यांना आवड होती. निवृत्तीनंतर त्यांनी शेती केली आणि गर्न्सी जातीच्या गाई पाळल्या. १७ नोव्हेंबर, इ.स. १९२९ रोजी वॉशिंग्टन येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. जॉर्जटाउनमधील ओक हिल दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले.

नंतरचा प्रसार

आयबीएमने इ.स. १९२८ मध्ये चौकोनी छिद्रांचे ८० स्तंभांचे कार्ड आणले. इलेक्ट्रॉनिक संगणक आल्यावरही माहिती भरण्यासाठी तेच कार्ड अनेक दशके वापरात राहिले. जर्मनीत हॉलरिथ यांच्या परवान्यावर इ.स. १९१० मध्ये स्थापन झालेल्या डेहोमाग कंपनीने नाझी राजवटीत इ.स. १९३३ च्या जनगणनेचे काम केले. माणसांचे धर्मानुसार व वंशानुसार वर्गीकरण करण्यात या यंत्रांचा किती वाटा होता, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत.

ब्रिटिश साम्राज्यात ही यंत्रे ब्रिटिश टॅब्युलेटिंग मशीन कंपनीमार्फत पोहोचली. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत सर्वेक्षणांच्या सारण्यांसाठी हॉलरिथ पद्धतीची यंत्रे वापरली जात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत इ.स. १९६४ मध्ये आलेल्या सीडीसी ३६०० या संगणकासाठीही कार्यक्रम व माहिती पंच कार्डांवरच तयार करावी लागे आणि देशाच्या निरनिराळ्या भागांतील संशोधक आपल्या कार्डांचे गठ्ठे घेऊन तेथे येत असत.