तोलून थांबणारं मशीन

रामटेकच्या बाजारात किराणा दुकानदार साखर तोलतो ते कधी नीट पाहिलंय? आधी मापाने भराभर ओततो, काटा जवळ आला की हात आखडतो, शेवटी चिमटीने. हेच काम मशीनकडून करून घ्यायचं म्हटलं की आपल्याला सर्व्हो ड्राइव्ह आठवतो. पण शंभरहून जास्त वर्षांपूर्वी एका मराठी माणसाने ते ड्राइव्हशिवाय जमवलं होतं. त्यांचं नाव शंकर आबाजी भिसे.

जन्म मुंबईचा, १८६७ सालचा. यंत्रविद्या स्वतःच शिकलेले. १८९० च्या दशकात लंडनच्या एका नियतकालिकाने स्पर्धा जाहीर केली : पीठ, साखर असा सुटा माल आपोआप तोलून देणारं यंत्र सुचवा. भिसेंनी ती जिंकली, तीही मुंबईत बसून!

यात अवघड काय, असं वाटेल. पण झडप बंद केली तरी हवेत असलेलं पीठ पडतंच, म्हणजे वजन पूर्ण व्हायच्या जरा आधीच थांबावं लागतं. आज लोडसेल वजन सांगतो आणि ड्राइव्ह ऑगरचा वेग आधी कमी करून मग थांबवतो. म्हणून अशा ठिकाणी मोटर नुसती आरपीएम बघून घेत नाहीत. मिनिटाला किती वेळा थांबून परत सुटायचंय, त्यासाठी पीक टॉर्क किती, पूर्ण सायकलचा आरएमएस टॉर्क किती, लोडचा इनर्शिया मोटरला झेपतो का, हे आधी. कॅटलॉग नंतर. (आम्ही नेमकं उलट करतो आणि व्हायवात सापडतो.)

पुढे भिसे लंडनला गेले. दादाभाई नौरोजींनी त्यांना आधार दिला. तिथे त्यांनी छपाईचे टाइप ओतणारं यंत्र हाती घेतलं. तेव्हाची यंत्रं मिनिटाला साधारण १५० टाइप ओतत, भिसेंचं लक्ष्य १२०० चं होतं. आता शाफ्ट कितीही जोरात फिरवा, वितळलेला धातू साच्यात थिजायला वेळ घेणारच. त्यांनी शाफ्टमागे न लागता एकाच वेळी बरेच साचे चालवायचं ठरवलं. मला यातलं हेच सगळ्यात आवडलं. सायकल नेमकी कुठे अडते ते आधी शोधायचं, मोठी मोटर हा शेवटचा उपाय.

यंत्र चाललं, पैसा मात्र पुरला नाही. गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या शब्दावरून रतन टाटांनी (जमशेटजींचे धाकटे चिरंजीव, आपल्या काळातले नव्हेत) भांडवल घातलं आणि १९१० मध्ये टाटा-भिसे सिंडिकेट उभी राहिली. पहिल्या महायुद्धात तीही गुंडाळली गेली. पन्नाशीला टेकलेले भिसे १९१६ मध्ये अमेरिकेला गेले आणि तेच यंत्र परत सुधारत बसले. १९३५ साली न्यूयॉर्कमध्ये ते वारले. तिथे त्यांचं खरं नाव झालं ते ॲटोमिडीन नावाच्या आयोडीनच्या औषधामुळे.