विश्लेषण : इंग्लंडला पहिला विश्वचषक जिंकून देणारे कर्णधार बॉबी मूर निवृत्तीनंतर उपेक्षित का राहिले?

वेम्बली मैदानाबाहेर बॉबी मूर यांचा भव्य पुतळा उभा आहे. १९६६मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडच्या पुरुष संघाने पहिला विश्वचषक जिंकला. जगातील सर्वोत्तम बचावपटूंमध्ये त्यांची गणना होते. मात्र खेळणे थांबल्यानंतर इंग्लिश फुटबॉलने त्यांना कोणतीही मोठी जबाबदारी दिली नाही. वयाच्या अवघ्या ५१व्या वर्षी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. मूर यांची कारकीर्द कशी घडली आणि नंतर ते बाजूला का पडले, याचा हा आढावा.

कारकीर्दीची सुरुवात कशी झाली?

मूर यांचा जन्म १२ एप्रिल १९४१ रोजी, ऐन महायुद्धात, पूर्व लंडनलगतच्या बार्किंग येथे झाला. शाळा संपताच १९५६मध्ये ते वेस्ट हॅम युनायटेड क्लबमध्ये दाखल झाले. तेथील अनुभवी बचावपटू माल्कम ॲलिसन यांनी या किशोरवयीन खेळाडूला फुटबॉलचे धडे दिले. पुढे क्षयरोगामुळे ॲलिसन यांना मैदानाबाहेर राहावे लागले.

सप्टेंबर १९५८मध्ये मँचेस्टर युनायटेडविरुद्धच्या सामन्यात वेस्ट हॅमला एका बचावपटूची गरज होती. जागा एक आणि दावेदार दोन, आजारातून परतलेले गुरू आणि १७ वर्षांचा शिष्य. संधी शिष्याला मिळाली. वेस्ट हॅमने तो सामना ३-२ असा जिंकला आणि सहा क्रमांकाची जर्सी पुढे मूर यांची ओळख बनली.

वेग नसतानाही ते यशस्वी का ठरले?

मूर फारसे वेगवान नव्हते. उंच चेंडूवर झेपावून हेडर मारणे हेही त्यांचे बलस्थान नव्हते. बचावपटूसाठी हे दोन्ही मोठे दोष. त्यावर त्यांनी शोधलेला उपाय म्हणजे अंदाज. चेंडू कुठे जाणार हे ते इतरांच्या आधी ओळखत आणि तिथे आधीच पोहोचत. त्यामुळे धावत जाऊन प्रतिस्पर्ध्याला अडवण्याची वेळच कमी येई. चेंडू आपल्याकडे येण्यापूर्वी तो पुढे कोणाला द्यायचा हे ठरलेले असावे, ही ॲलिसन यांची शिकवण त्यांनी आयुष्यभर पाळली. त्या काळचे बरेच बचावपटू चेंडू जमेल तितका दूर भिरकावून देत. मूर मात्र अचूक पास देऊन तिथूनच आक्रमण सुरू करत.

मे १९६२मध्ये पेरूविरुद्ध लिमा येथे त्यांनी इंग्लंडकडून पदार्पण केले आणि लगेच चिलीतील विश्वचषकातही ते खेळले. वर्षभरातच, वयाच्या २२व्या वर्षी, त्यांनी इंग्लंडचे नेतृत्व केले. इतक्या कमी वयात हा मान त्यापूर्वी कोणालाही मिळाला नव्हता.

कोणता आजार लपवून ठेवला गेला?

१९६४मध्ये मूर यांच्या नेतृत्वाखाली वेस्ट हॅमने एफए चषक जिंकला. त्याच वर्षाच्या अखेरीस, वयाच्या २३व्या वर्षी, त्यांना वृषणाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. शस्त्रक्रिया करावी लागली. त्या काळी कर्करोग हा शब्द घरातही दबक्या आवाजात उच्चारला जाई. त्यामुळे आजाराची वाच्यता झाली नाही. सहकारी आणि चाहत्यांना मूर दुखापतग्रस्त असल्याचेच वाटत राहिले. ही गोष्ट सर्वांसमोर आली ती त्यांच्या निधनानंतर.

मूर काही महिन्यांतच मैदानावर परतले. मे १९६५मध्ये त्यांच्या संघाने म्युनिक १८६० संघाला २-० असे नमवत युरोपियन कप विनर्स कप पटकावला.

विश्वचषकापूर्वी कोणता पेच निर्माण झाला?

१९६६च्या विश्वचषकाच्या तोंडावर मूर आणि वेस्ट हॅम यांच्यात नव्या करारावरून वाद सुरू होता. टॉटनहॅम क्लबला त्यांच्यात रस होता. जुना करार ३० जूनला संपला आणि इंग्लंडचा कर्णधार कोणत्याच क्लबचा उरला नाही. नियमानुसार असा खेळाडू स्पर्धेत खेळू शकत नव्हता. अखेर प्रशिक्षक आल्फ रॅमसे यांनी वेस्ट हॅमचे व्यवस्थापक रॉन ग्रीनवूड यांना संघाच्या मुक्कामी बोलावून घेतले. मूर यांनी तात्पुरत्या करारावर सही केली आणि त्यांचा मार्ग मोकळा झाला.

अंतिम सामन्यात मूर यांची भूमिका काय होती?

३० जुलै १९६६ रोजी वेम्बलीवर पश्चिम जर्मनीने आधी गोल केला. त्यानंतर मूर यांना पाडल्यामुळे इंग्लंडला फ्री-किक मिळाली. प्रतिस्पर्धी सावरण्याआधीच मूर यांनी ती घेतली आणि जेफ हर्स्ट यांनी हेडरने बरोबरी साधली. निर्धारित वेळेत २-२ अशी कोंडी राहिली. अतिरिक्त वेळेत इंग्लंडने आघाडी घेतली. अखेरच्या क्षणी मूर यांच्या पायाशी, आपल्याच गोलजवळ, चेंडू आला. तो प्रेक्षकांत भिरकावून वेळ काढावा, असाच सहकाऱ्यांचा आग्रह होता. मूर यांनी मात्र शांतपणे मान वर केली आणि हर्स्ट यांना लांब पास दिला. त्यावर हर्स्ट यांची हॅट्ट्रिक पूर्ण झाली आणि इंग्लंड ४-२ असे जिंकले. चषक स्वीकारण्यापूर्वी राणीचे पांढरे हातमोजे मळू नयेत म्हणून मूर यांनी आपले चिखलाचे हात पुसले. सलग तीन वर्षांत त्यांनी याच मैदानावर कर्णधार म्हणून उंचावलेला हा तिसरा चषक होता.

बोगोटा प्रकरण काय होते?

१९७०च्या मेक्सिको विश्वचषकापूर्वी इंग्लंडचा संघ कोलंबियात होता. बोगोटातील हॉटेलमधील दागिन्यांच्या दुकानातून पाचूचे ब्रेसलेट चोरल्याचा आरोप मूर यांच्यावर झाला. त्यांना अटक झाली आणि स्थानिक फुटबॉल पदाधिकाऱ्याच्या घरी नजरकैदेत ठेवण्यात आले. पुरावे टिकले नाहीत. त्यांची सुटका झाली आणि पुढे प्रकरणही बंद झाले. सुटकेनंतर काही दिवसांतच ते ब्राझीलविरुद्ध खेळले. इंग्लंड ०-१ असे हरले, पण जेर्झिन्होकडून मूर यांनी अचूक टॅकल करून हिरावलेला चेंडू आजही बचावाचा वस्तुपाठ म्हणून दाखवला जातो. सामन्यानंतर पेले आणि मूर यांनी जर्सीची अदलाबदल केली.

उतरती कळा कधी लागली?

जानेवारी १९७१मध्ये एफए चषकातील सामन्याच्या आदल्या रात्री मूर काही सहकाऱ्यांसह ब्लॅकपूलमधील नाइट क्लबमध्ये गेले. दुसऱ्या दिवशी वेस्ट हॅमचा ०-४ असा पराभव झाला. मूर यांना दंड झाला आणि संघातूनही वगळले गेले. जून १९७३मध्ये पोलंडविरुद्ध त्यांनी गमावलेल्या चेंडूवर गोल झाला आणि इंग्लंड ०-२ असे हरले. परतीच्या लढतीत त्यांना संघात स्थान मिळाले नाही. ती लढत बरोबरीत सुटली आणि इंग्लंड १९७४च्या विश्वचषकाला मुकले. नोव्हेंबर १९७३मध्ये मूर अखेरचे इंग्लंडकडून खेळले. १०८ सामने, त्यापैकी ९० कर्णधार म्हणून.

१९७४मध्ये ते फुलहॅमकडे गेले. पुढच्याच वर्षी फुलहॅमने एफए चषकाची अंतिम फेरी गाठली. समोर होता वेस्ट हॅम. मूर यांचा नवा संघ ०-२ असा हरला.

निवृत्तीनंतर काय घडले?

ऑक्सफर्ड सिटी, हाँगकाँगमधील ईस्टर्न आणि नंतर साउथएंड युनायटेड, अशा छोट्या क्लबांचे व्यवस्थापन त्यांच्या वाट्याला आले. तिथे मोठे यश मिळाले नाही. व्यवसायही फसले. उत्तम खेळाडू उत्तम व्यवस्थापक होईलच असे नाही, हे खरे. पण नव्या पिढीला घडवणे, देशाचा दूत म्हणून काम करणे, यांसाठीही इंग्लिश फुटबॉल संघटनेने त्यांना पद दिले नाही. रॅमसे, बॉबी चार्ल्टन आणि हर्स्ट यांना सर किताब मिळाला. कर्णधाराचा सन्मान १९६७मधील ओबीई इथवरच थांबला. अखेरच्या वर्षांत मूर रेडिओवर समालोचन करत.

१९९१मध्ये त्यांच्यावर आतड्याच्या कर्करोगासाठी शस्त्रक्रिया झाली. यावेळी त्यांनी आजार अखेरपर्यंत लपवला नाही. १४ फेब्रुवारी १९९३ रोजी त्यांनी तो जाहीर केला. तीन दिवसांनी वेम्बलीवर इंग्लंड-सॅन मारिनो सामन्याचे समालोचन केले. २४ फेब्रुवारीला त्यांचे निधन झाले.

सन्मान केव्हा मिळाला?

निधनानंतर त्यांच्या पत्नी स्टेफनी यांनी आतड्याच्या कर्करोगावरील संशोधनासाठी त्यांच्या नावे निधी उभारला. २००७मध्ये वेम्बलीबाहेर पुतळ्याचे अनावरण झाले. २००८मध्ये वेस्ट हॅमने सहा क्रमांकाची जर्सी कायमची निवृत्त केली. पुतळा उभारला गेला तेव्हा मूर यांना जाऊन १४ वर्षे झाली होती. ज्या काळात त्यांना कामाची गरज होती, तेव्हा याच मैदानावर त्यांच्यासाठी समालोचकाची खुर्ची तेवढी होती.