परीक्षेआधीच नापास : केसी स्टेंगलची गोष्ट

वर्ल्ड कपची टीम जाहीर झाली की आपल्या मेसमध्ये काय होतं ते वेगळं सांगायला नको. ज्याला स्वतःचं सबमिशन वेळेवर देता येत नाही तोसुद्धा सिलेक्टर्सची अक्कल काढतो. याला का घेतलं, त्याला का वगळलं, या म्हाताऱ्याला कोच कुणी केलं... भाजी थंड होते, चर्चा होत नाही. मी स्वतः यात सगळ्यात पुढे असतो, हे आधीच कबूल करतो. पण मित्रांनो, १९४९ च्या मार्च महिन्यात न्यूयॉर्कचे बेसबॉलवेडे असेच चिडलेले होते. ज्याच्यावर ते चिडले होते, त्या केसी स्टेंगलची ही गोष्ट.

आधी थोडं बेसबॉलबद्दल. क्रिकेटमधला मॅनेजर म्हणजे हॉटेल, तिकिटं आणि किटबॅगा बघणारा माणूस. बेसबॉलचा मॅनेजर म्हणजे कोच आणि कॅप्टन एकाच अंगात! कोण खेळणार, कितव्या नंबरवर बॅटिंग करणार, पिचर कधी बदलायचा, सगळं तोच ठरवतो. त्यात मेख अशी की एकदा बाहेर काढलेला खेळाडू त्या मॅचमध्ये परत येऊ शकत नाही. सीझन सुरू होण्याआधी टीम उबदार गावी जाऊन सराव करते, त्याला स्प्रिंग ट्रेनिंग म्हणतात. मॅनेजरचे प्रयोग आणि चाहत्यांच्या शंका, दोन्हींना ऊत येतो तो याच दिवसांत.

न्यूयॉर्क यँकीज ही तेव्हाची सगळ्यात दादा टीम. बकी हॅरिस या मॅनेजरने १९४७ मध्ये त्यांना वर्ल्ड सिरीज जिंकून दिली होती. १९४८ मध्ये टीम तिसरी आली, तीही पहिल्या नंबरपासून फक्त अडीच गेम मागे. तेवढ्यावरून हॅरिसला नारळ मिळाला आणि त्याच्या जागी आला ५८ वर्षांचा स्टेंगल. लोक चिडले, कारण स्टेंगलचा इतिहास सगळ्यांना पाठ होता.

चार्ल्स डिलन स्टेंगल, जन्म ३० जुलै १८९०, मिसूरी राज्यातलं कॅन्सस सिटी. गावाच्या के. सी. या आद्याक्षरांवरून नाव पडलं केसी. आपल्यासारखाच प्रोफेशनल कोर्सला गेलेला प्राणी, पण डेंटल कॉलेजचा! पठ्ठ्या डावखुरा, आणि तिथली हत्यारं उजव्या हातासाठी केलेली, अशी तक्रार तो पुढे गमतीने सांगायचा. शेवटी दात सोडून त्याने बॅट धरली. सप्टेंबर १९१२ मध्ये ब्रुकलिनकडून पहिल्याच मॅचमध्ये चार हिट मारले.

खेळाडू म्हणून तो चांगला होता, पण लक्षात राहिला तो वात्रटपणामुळे. १९१९ मध्ये तो पिट्सबर्गकडून खेळत होता. ब्रुकलिनच्या जुन्या प्रेक्षकांनी हुर्यो उडवल्यावर त्याने वाकून नमस्कार केला, टोपी काढली, आणि टोपीतून चिमणी भुर्रकन उडून गेली! सगळं स्टेडियम हसलं. पण त्या दिवसापासून त्याच्यावर विदूषक हा शिक्का बसला, तो पुढे तीस वर्षं निघाला नाही.

१९२१ ते १९२३ तो न्यूयॉर्क जायंट्सकडे होता. तिथला मॅनेजर जॉन मॅग्रॉ म्हणजे कडक हेडमास्तर. डावखुरा पिचर समोर आला की तो डावखुऱ्या स्टेंगलला बहुतेक वेळा बसवायचा. कारण साधं आहे. डाव्या पिचरचा वळणारा बॉल डाव्या बॅटरपासून लांब जातो, आणि बाहेर जाणारा बॉल किती छळतो हे आपल्या क्रिकेटवाल्यांना सांगायला नको. उलट हाताच्या पिचरचा बॉल आत येतो, तो दिसतो बरा. बाकावर बसून स्टेंगल हा हिशेब शिकला. १९२३ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये त्याच्या दोन होमरनवर जायंट्सनी यँकीजविरुद्ध दोन मॅच जिंकल्या, तरी सिरीज गेली. काही आठवड्यांतच मॅग्रॉने त्याला अदलाबदलीत बॉस्टनला देऊन टाकला.

मग मॅनेजरी सुरू झाली. ब्रुकलिनमध्ये १९३४ ते ३६ आणि बॉस्टनमध्ये १९३८ ते ४३, अशी नऊ वर्षं. आठ टीमच्या लीगमध्ये एकदाही पाचव्याच्या वर नंबर नाही! ब्रुकलिनने तर त्याला काढून टाकल्यावर १९३७ चा पूर्ण पगार दिला, म्हणजे टीम सांभाळू नये म्हणून पैसे. १९४३ च्या सीझनआधी बॉस्टनमध्ये टॅक्सीने उडवलं आणि त्याचा पाय मोडला. तेव्हा एका क्रीडालेखकाने त्या टॅक्सीवाल्याचा शहराची सेवा केल्याबद्दल सत्कार करावा असं सुचवलं. बघा, किती राग असेल! त्याच्या चुकाही छोट्या नव्हत्या. १९४२ मध्ये वॉरन स्पॅन या तरुण पिचरने बॅटरला घाबरवायला अंगावर बॉल टाकला नाही, म्हणून स्टेंगलने त्याला खालच्या लीगमध्ये पाठवलं. त्याच स्पॅनने पुढे ३६३ मॅच जिंकल्या.

त्यानंतर तो पुन्हा छोट्या लीगमध्ये गेला. १९४८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला त्याने चॅम्पियन केलं, पण न्यूयॉर्कमध्ये त्याचं कौतुक कुणाला?

तर असा माणूस १९४९ मध्ये फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्गला शिबिर घेऊ लागला. टीमचा हिरो जो डिमॅजिओ टाचेच्या दुखण्याने जायबंदी, सीझनचे पहिले ६५ गेम तो खेळलाच नाही. बॉस्टनची टीम तगडी. आणि हा म्हातारा काय करतोय? तर एका जागेसाठी दोन-दोन खेळाडू तयार करतोय. आउटफील्डला उजवा हँक बावर आणि डावा जीन वुडलिंग. थर्ड बेसला उजवा बिली जॉन्सन आणि डावा बॉबी ब्राऊन (हा ब्राऊन तेव्हा मेडिकलचा विद्यार्थी, पुढे हृदयरोगतज्ज्ञ झाला!). समोर पिचर कोण यावर आज कोण खेळणार ते ठरायचं. खेळाडू कुरकुरले. बसवलेलं कुणाला आवडतं?

दुसरा प्रयोग योगी बेरा. एका सिनेमातल्या भारतीय योग्यासारखा बसतो, म्हणून मित्राने ठेवलेलं हे नाव. बॅटिंग झकास, पण विकेटकीपरसारखं जे कॅचरचं काम, त्यात कच्चा. स्टेंगलने त्याला तिथून हलवलं नाही. उलट बिल डिकी या जुन्या नामवंत कॅचरकडे त्याची शिकवणी लावली.

सीझन संपायला दोन मॅच उरल्या तेव्हा बॉस्टन एका गेमने पुढे होतं, आणि दोन्ही मॅच बॉस्टनशीच. यँकीजला दोन्ही जिंकणं भाग होतं. १ ऑक्टोबरला ५-४, २ ऑक्टोबरला ५-३. जिंकले! मग वर्ल्ड सिरीजमध्ये ब्रुकलिनलाही हरवलं. आणि हे एकदाच नाही. १९४९ ते १९५३ सलग पाच वर्षं वर्ल्ड सिरीज जिंकली. असं त्याआधी कुणी केलं नव्हतं, नंतरही कुणाला जमलेलं नाही. बेराला तीन वेळा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरवलं गेलं. १९५१ च्या शिबिरात खालच्या लीगमधून थेट उचललेला, शॉर्टस्टॉपचा आउटफील्डर केलेला १९ वर्षांचा पोरगा म्हणजे मिकी मँटल. जुलैमध्ये त्याला परत खाली पाठवावं लागलं, तेव्हा शंकेखोर खूश झाले असतील. पण ऑगस्टमध्ये तो वर आला आणि पुढे काय झालं ते बेसबॉलचा इतिहास सांगतो.

इथेच थांबलो असतो तर गोष्ट छान गोड झाली असती. पण बारा वर्षांत दहा वेळा लीग आणि सात वेळा वर्ल्ड सिरीज जिंकलेला हाच माणूस १९६० मध्ये चुकला. पिट्सबर्गविरुद्ध आपला सर्वोत्तम पिचर व्हाइटी फोर्ड याला त्याने पहिल्या मॅचला उतरवलंच नाही. फोर्डने तिसरी आणि सहावी मॅच जिंकली, दोन्हींत समोरच्यांना शून्यावर ठेवून! सातवी मॅच यँकीज १०-९ अशी हरले. पहिल्या मॅचला फोर्ड असता तर सातव्यालाही मिळाला असता, असं लोक म्हणाले. त्यात तथ्य होतं. पाच दिवसांत सत्तर वर्षांच्या स्टेंगलची नोकरी गेली.

१९६२ मध्ये तो नव्या न्यूयॉर्क मेट्सचा मॅनेजर झाला. डोकं तेच, अनुभव आणखी जास्त, आणि निकाल? ४० विजय, १२० पराभव. तरी लोक त्या टीमच्या आणि म्हाताऱ्याच्या प्रेमात पडले. १९६५ मध्ये कंबरेचं हाड मोडल्यावर तो निवृत्त झाला, १९६६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. त्याचा ३७ नंबर यँकीज आणि मेट्स दोघांनीही कायमचा राखून ठेवला. २९ सप्टेंबर १९७५ रोजी कॅलिफोर्नियात ग्लेनडेलला तो वारला.

आता मला सांगा, १९४९ चा तो चिडलेला प्रेक्षक मूर्ख होता का? मला नाही वाटत. त्याच्यासमोर नऊ वर्षांची मार्कशीट होती, आणि ती वाईटच होती. पण मार्कशीटवर हे लिहिलेलं नसतं की त्या माणसाच्या हातात सामान काय होतं. डाव्या-उजव्याचा हिशेब त्याला आधीपासून येत होता. तो मांडायला बावर, वुडलिंग आणि बेरा नव्हते. ते मिळाले तेव्हा जमलं, मेट्समध्ये नव्हते तेव्हा नाही जमलं. फर्स्ट इयरच्या केटी बघून आपण एखाद्याला कायमचा निकालात काढतो, तेव्हा एवढं तरी आठवावं.

बाकी, पुढची टीम जाहीर झाली की मी मेसमध्ये ओरडणारच, सवय आहे. फक्त सीझन संपला की मी काय बोललो होतो ते कुणीतरी मला आठवण करून द्या.